एकोणीस पेशींचा हंगाम

‘त्या हंगामात एक नमुना सहायिकेच्या हलगर्जीपणामुळे बिघडला होता. त्यातल्या एकोणीस पेशी पाहून आम्ही तरुण मंडळी हुरळून गेलो होतो. सरांनी मात्र एका नजरेत ओळखले की हा शोध नसून अपघात आहे, आणि तो नमुना बाजूला काढायला लावला. विज्ञानातला करडेपणा म्हणजे काय, ते आम्ही त्या दिवशी शिकलो.’

माझ्या पंचाहत्तरीनिमित्त विद्यार्थ्यांनी जी गौरविका काढली, तिच्या एकेचाळिसाव्या पानावर हा मजकूर आहे. लिहिणारा मिलिंद. माझ्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी सर्वांत हुशार, आणि माझ्याविषयी लिहिताना सर्वांत बेफिकीर. या चार वाक्यांपैकी एकच खरे आहे : मंडळी हुरळून गेली होती. उरलेली तिन्ही मी इथे खोडून काढणार आहे.

म्हाताऱ्याला वादाची खोड आहे, असे लोक म्हणतात. आहे. कारापुरातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, पाण्याचा पहिला नळ कोणत्या वर्षी आला, यावरून मी दोन शेजाऱ्यांशी बोलणे सोडले होते, आणि वर्ष माझेच बरोबर निघाले. गौरविका हातात पडल्यावर मी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा सुमन, म्हणजे माझी पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुमका कोणी बरा म्हटला तरी तुमी झगडतात.” तिचे म्हणणे खरे आहे. पण आजवर मी जे झगडे केले ते माझ्या बाजूने केले. हा पहिलाच असा आहे, ज्यात मी जिंकलो तर माझे नाव खाली जाणार आहे. म्हणून, प्रकार सात वर्षांपूर्वीचा असूनही, तो आजवर पुढे ढकलला.

काजूचा हंगाम पुन्हा आला आहे. सकाळी खिडकी उघडली की मागच्या टेकडीवरून तो वास घरात शिरतो : गोड, आंबूस, जरासा कुजका, आणि त्याच्या मागे भट्टीच्या धुराची कडवट धार. पडदे, उशा, धुतलेले धोतर, कशालाही तो सोडत नाही. लहानपणी मला या वासाने भूक लागत असे. झाडाखाली पडलेला बोंडू, म्हणजे काजूचे फळ, उचलायचा, सदऱ्याला पुसायचा आणि रस कोपरापर्यंत ओघळेल असा चावायचा. घसा खवखवला तरी दुसरा उचलायचा. सदऱ्यावरचे ते तांबूस डाग कधी जात नसत आणि आई दर वर्षी त्याच सदऱ्याला ‘काजूचा सदरा’ म्हणून वेगळा ठेवीत असे. आता तोच वास आला की मी खिडकी लावून घेतो. सुमनला वाटते, मला धुराचा त्रास होतो. ही हकिगतही चुकीची आहे, पण तिला मी अजून दुरुस्त केलेले नाही.

ज्यांनी ओल्या काजूचे गर काढले आहेत, त्यांना त्या तेलाविषयी सांगायला नको. कोवळी बी चिरली की टरफलातून जे निघते ते बोटांना चरचरत जाळते. दुसऱ्या दिवशी कातडी काळवंडते, मग साली निघतात. बायका हाताला राख चोळतात, खोबरेल लावतात, तरी हंगामाच्या अखेरीस त्यांची बोटे सोललेल्या फांद्यांसारखी दिसू लागतात. पण दर काजूबागेत एखादी बाई अशी असते, जिच्या हातांना काही होत नाही. ती तीस-तीस वर्षे गर काढते आणि तिचे तळवे जसेच्या तसे. का? निवृत्तीनंतर आमच्या संशोधन संस्थेने मला मानद सल्लागार म्हणून ठेवून घेतले होते, आणि हा प्रश्न माझा होता. तो मी माझ्या आईच्या सोललेल्या हातांकडे पाहून लहानपणीच विचारला होता. तो माझा असल्याचा मला अभिमान आहे आणि तो मी या लेखातही सोडणार नाही.

रक्तातल्या पेशी शरीराचे रक्षण करतात, हे शाळेतली मुलेही जाणतात. त्यांच्यात रागावणाऱ्या असतात, तशा राग शमवणाऱ्याही असतात, आणि या दुसऱ्यांतल्या काही इतक्या थोड्या असतात की हजारोंच्या गर्दीत त्या दिसतच नाहीत. पूर्वी आम्ही सगळ्या पेशी एकत्र फोडायचो आणि त्यांच्या आतले संदेश, म्हणजे पेशी त्या क्षणी काय करण्याच्या बेतात आहे याच्या चिठ्ठ्या, एकगठ्ठा वाचायचो. दगडी कुंडात बोंडू तुडवून काढलेल्या रसासारखे ते काम. रस गोड की आंबट ते कळते. पण कोणता बोंडू आंबट होता, ते त्या रसाला विचारून उपयोग नसतो. नवी पद्धत प्रत्येक बोंडू वेगळा चाखते. एकेक पेशी तेलात तरंगणाऱ्या एकेका सूक्ष्म थेंबात एकटी कोंडायची, तिच्या प्रत्येक चिठ्ठीवर त्या थेंबाची खूण मारायची, मग सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचल्या तरी कोणती कुणाची ते खुणेवरून सांगता येते. एका माणसाच्या रक्तातल्या पाच हजार पेशींचे पाच हजार जबाब. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि माझ्या तरुणपणी हे असते तर मी काय काय केले असते, या विचाराने मला त्या यंत्राचा मत्सर वाटत असे.

मात्र पेशी जिवंत हव्यात. रक्त काढल्यापासून काही तासांत ते प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजे. हलवायचे नाही, तापवायचे नाही, आणि बर्फातही ठेवायचे नाही. थंडीने काही पेशी एकमेकींना चिकटतात, काही भेदरून भलत्याच चिठ्ठ्या लिहू लागतात. म्हणून आमच्या कार्यपद्धतीच्या कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिले होते : खोलीच्या तापमानात, अस्तर लावलेल्या पेटीत. तो कागद मी स्वतः तपासून सही केलेला होता.

धारगळच्या मागच्या उतारावरची ती बाग. मार्चमधली सकाळ, पालापाचोळ्यावर पावले वाजत होती, आणि आठ-नऊ बायका सावलीत गोल बसून गर काढीत होत्या. बहुतेक जणी सिंधुदुर्गातून हंगामापुरत्या आलेल्या. त्यांच्यात सावित्रीबाई होत्या : साठीच्या, बुटक्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, आणि हात असे की एखाद्या शाळामास्तरणीचे वाटावेत. माझ्याबरोबर शुभदा होती. धारगळचीच मुलगी, पंचविशीतली, आमची प्रयोगशाळा सहायिका. ती जन्मली त्याच वाड्यावरून या बागेकडे वाट जाते, म्हणून बायकांनी आम्हांला बागेत पाऊल ठेवू दिले. माझ्या पदव्यांमुळे नव्हे.

मी रक्त कशासाठी हवे ते समजावून सांगितले. चांगले पंधरा मिनिटे बोललो. सावित्रीबाईंनी शेवटपर्यंत ऐकले, कोयती खाली ठेवली आणि म्हणाल्या, “दोतोर, रगत आधी तुमचा काढा. मगे आमचा बघू.”

बायका हसल्या. तिकडे ही रीतच आहे. परक्याने आणलेले काही आपल्या अंगाला लावायचे तर आधी त्याने स्वतःच्या अंगाला लावून दाखवायचे. मी बाही वर केली. शुभदेने माझे रक्त काढले आणि नळी हातात धरून सावकाश उलटी-सुलटी केली, मोजून दहा वेळा, जशी एखादी बाई तान्ह्याला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेते.

“दुखला?” सावित्रीबाईंनी मला विचारले.

“नाही.”

“मगे तोंड कित्याक वाकडा केलात?” पुन्हा हशा. मग त्यांनी हात पुढे केला. “घे गो बाय. आणि माज्या रगतात खाण-बिण गावली तर माका सांगाक इसरा नको. वाटो व्हयो माका.”

“अर्धो तुमचो,” शुभदा म्हणाली. “अर्धो सरांचो. माका धूळ.”

डिचोलीच्या खाणींची धूळ खाल्लेल्या त्या मुलखात या विनोदाला फार हसू आले. सावित्रीबाईंची नळी सातव्या क्रमांकाची होती. त्या दिवशी सात, आठ आणि नऊ अशा तीनच नळ्या भरल्या. माझ्या रक्ताची नळी शुभदेने तिथेच बाजूला काढून नष्ट करायच्या डब्यात टाकली, आणि तीन ठिकाणी नोंद केली. हलगर्जीपणा हा शब्द वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता बर्फ. मिलिंदच्या हकिगतीत बर्फ नाही, कारण त्याला तो ठाऊक नाही. सुमनला ठाऊक आहे. पण तिच्या हकिगतीत दोष उन्हाचा आहे. ‘त्या दिवशी ऊन किती होता, माणसाचा डोक्याच चालत नाय,’ असे ती म्हणते. मी ही सवलत नाकारतो. ऊन होते, महामार्गावर ट्रक आडवा झाल्यामुळे वाहनांची रांग होती, गाडीची थंड हवा बंद पडली होती, हे सर्व खरे. पण माझे डोके व्यवस्थित चालत होते. रस्त्याच्या कडेला झाडाच्या सावलीत एक मासेवाली थर्माकोलची पेटी घेऊन बसली होती. मी चाळीस वर्षे रक्त बर्फात ठेवीत आलो होतो. माझ्या गुरूंनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ती. मी गाडी थांबवली आणि बर्फ मागितला.

शुभदा उतरून माझ्यामागे आली. “सर, बर्फ नको. अजून दीड तास आहे हातात. कागदावर आपणच लिहिलंय.”

“कागद थंड खोलीत बसून लिहिलेला आहे,” मी म्हणालो.

मासे न घेता बर्फ मागणाऱ्या माझ्याकडे मासेवालीने पाहिले. “नुस्ता नाका, फकत बर्फ? घरात कोण मेला-बिला नाय मां?”

“कोणी नाय गो,” शुभदा हसून म्हणाली. “सरांक रक्त म्हणजे बांगडे वाटले.”

मासेवाली हसली. पेटीभोवती उभी असलेली दोन गिऱ्हाइके हसली. शुभदाही हसत होती, आणि त्या हसण्यात काही वाईट नव्हते. सकाळपासून आम्ही सगळेच हसत होतो. सावित्रीबाईंनी माझी थट्टा केली तेव्हा मला मजा वाटली होती. पण तिथे, महामार्गाच्या कडेला, माझ्या हाताखालच्या मुलीने तीन अनोळखी माणसांसमोर मला माझाच नियम शिकवावा, हे मला सहन झाले नाही. मी बर्फ घेतला. तिन्ही नळ्या स्वतःच्या हाताने त्यात रोवल्या. त्या क्षणी तसे करणे चूक आहे, हे मला माहीत होते. खाली मान घालून परत गाडीत बसण्यापेक्षा चूक करणे मला सोपे वाटले. ही या लेखातली पहिली लाज, आणि ती सर्वांत लहान आहे.

गाडीत बसल्यावर शुभदेने प्रवासवही काढली आणि लिहिले : ‘धारगळ. नमुना सात ते नऊ बर्फात ठेवले. सरांच्या सूचनेवरून.’ पेनाचा आवाज मला ऐकू येत होता.

प्रयोगशाळेतले पुढचे काम तिने केले. रक्त हळुवार ओतून यंत्रात फिरवणे, मधला पांढुरका पट्टा अलगद उचलणे, निळा रंग घालून मेलेल्या पेशी मोजणे. मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत रंग आत घेत नाहीत. तिने सूक्ष्मदर्शकातून मान वर केली आणि “बहुतेक जिवंत आहेत, सर,” असे म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात माझ्यासाठी दिलासा होता. तो मी ऐकला आणि ऐकू न आल्यासारखे केले. थेंबांचे मिश्रण दुधासारखे एकसारखे पांढरे उतरले. तसे उतरले की काम नीट झाले असे समजतात. तेही तिने लिहून ठेवले.

निकाल एप्रिलच्या अखेरीस आला. भिंतीवर मिलिंदने नकाशा लावला. या कामात प्रत्येक पेशी म्हणजे एक ठिपका, आणि एकसारखे जबाब देणाऱ्या पेशी शेजारी-शेजारी पडतात, त्यामुळे कागदावर बेटे तयार होतात. नेहमीची बेटे नेहमीच्या जागी होती. आणि त्यांच्यापासून दूर, हरमलच्या किनाऱ्यापासून सुटलेल्या खडकासारखे, एकोणीस ठिपके होते.

“हे सगळे सातव्या नळीतले,” शुभदा म्हणाली. ती खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेली होती. “सावित्रीबाईंचे. दुसऱ्या कुणाच्या रक्तात एकही नाही, सर. एकही.”

माझ्या मनात उठलेली पहिली लाट आनंदाची होती, हे मी नोंदवून ठेवतो. आईचे हात माझ्या डोळ्यांसमोर आले. ज्या पेशीसाठी हा सारा खटाटोप, ती कदाचित हीच होती. पण त्या लाटेच्या पाठोपाठ थंडगार काहीतरी आले. हे खरे ठरले तर जगातला प्रत्येक जाणकार पहिला प्रश्न विचारणार होता : रक्त आणले कसे? आणि मग कुणीतरी ती वही उघडणार होते.

दोन पेशी चुकून एकाच थेंबात अडकतात, तेव्हा दोघींच्या चिठ्ठ्यांवर एकच खूण पडते आणि यंत्राला भलतीच तिसरी पेशी दिसते. एका कांबळीखाली दोन माणसे चालली तर दुरून चार पायांचे जनावर वाटावे तसे. अशा पेशींना आम्ही जुळी म्हणतो, आणि त्या काढून टाकतो. मी म्हणालो, “जुळी आहेत ही.”

“सर, मला तेवढी खात्री वाटत नाही,” मिलिंद म्हणाला. “जुळी असती तर चिठ्ठ्या जास्त असायला हव्यात. ह्यांच्यात कमीच आहेत.”

“भरताना हात घाईचा असला, की काहीही दिसते.”

मी नाव घेतले नाही. हलगर्जीपणा हा शब्द तर मी मुळीच उच्चारला नाही. तो मिलिंदने सात वर्षांत स्वतः घडवला. पण त्या खोलीत नमुने भरणारे हात दोनच होते, आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. शुभदेनेही पाहिले. तिने आपले तळवे उलटे-सुलटे करून असे पाहिले, जणू ते कुणीतरी नुकतेच तिच्याकडे ठेवायला दिले होते.

नंतर ती माझ्या खोलीच्या दारात आली. “सर, बर्फाचं वहीत आहे. त्याने झालं असेल का?”

“वही माझ्याकडे राहू दे,” मी म्हणालो.

तिने ती टेबलावर ठेवली. तिच्या नेमणुकीची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती, आणि ती वाढवायची की नाही हे माझ्या शेऱ्यावर होते. मी प्रतिकूल शेरा लिहिला असे कुणी म्हणत असेल तर तेही खोटे आहे. मी शेरा लिहिलाच नाही. रकाना कोरा सोडला, आणि कोऱ्या रकान्याचे काय करायचे ते कार्यालयाला माहीत होते.

इतके असूनही मी तिथेच थांबलो असतो, तर आज एखाद्या भित्र्या माणसाची हकिगत एवढेच याचे स्वरूप राहिले असते. पण मला माझे म्हणणे सिद्ध करायचे होते. मे महिन्याच्या शेवटी मी पुन्हा त्या बागेत गेलो, एकटा. सत्य शोधायला गेलो नव्हतो. बरोबर ठरायला गेलो होतो. सावित्रीबाईंचे रक्त दुसऱ्यांदा घ्यावे, नियमाप्रमाणे आणावे, ते ठिपके त्यात नसावेत आणि माझे मन मोकळे व्हावे, असा बेत.

हंगाम सरला होता. झाडांवर उशिराचे चार-दोन बोंडू, खाली बोंडूंचा सुकलेला चोथा, आणि हवेत तो वास आता शिळा. सावित्रीबाई गावी परतायची बोचकी बांधत होत्या.

“दोतोर, एकटेच? ता चेडू खंय?”

“रजेवर आहे.”

त्यांनी हात पुढे केला. या खेपेस ‘आधी तुमचा’ असे त्या म्हणाल्या नाहीत. एकदा विश्वास टाकला की त्या माणसांकडे तो मोजून परत घ्यायची पद्धत नाही. मी वीस वर्षांत कुणाच्या शिरेत सुई घातली नव्हती. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा बसली, पण त्यांच्या हातावर जांभळा डाग उठला. तेलाने कधी डाग न पडलेला तो हात.

“ता चेडू बरा होता,” त्या कापूस दाबून धरत म्हणाल्या. “तेचो हात हलको. सुई गेलली कळाक सुद्दा नाय. तेका सांगा, सावित्रीन इचारल्यान म्हणून.”

मी सांगतो म्हणालो. येताना पेटी मांडीवर धरली होती, अस्तर लावलेली, बर्फाविना. धारगळला ती मासेवाली होती तिथेच होती. मी मान दुसरीकडे वळवली. तो रविवार होता, आणि प्रयोगशाळेत कुणी नसताना सगळे काम मी माझ्या हातांनी केले, फार सावकाश, चष्मा पुन्हापुन्हा पुसत. वाचन आणि नकाशा बाहेरच्या एका ओळखीच्या माणसाकडून करून घेतला. नमुन्यावर नाव नव्हते, फक्त क्रमांक होता.

श्रावणात निकाल आला. या खेपेस एकोणीस नव्हते, चौदा होते. पण जागा तीच, आणि जबाबही तेच. किनाऱ्यापासून सुटलेला तोच खडक.

तो कागद मी वहीत घातला आणि वही खणात. का, याची मी स्वतःला निरनिराळ्या वेळी निरनिराळी कारणे दिली आहेत : अहवाल सातवी नळी वगळून गेलेला आहे, दोन नळ्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पुढच्या हंगामात तिसरे रक्त घेऊ. ही सगळी कारणे शास्त्रीय आहेत आणि एकही खरे नाही. पुढच्या हंगामात सावित्रीबाई आल्या नाहीत. बागेतल्या बायकांनी सांगितले की पावसाळ्यानंतर त्या वारल्या. ज्यांना शमवायचे कसे ते ठाऊक होते, अशा त्या मूठभर पेशी त्यांच्याबरोबर गेल्या, आणि निम्म्या बागेवर आता भूखंडांच्या खुणा रोवलेल्या आहेत. काही लाजांची भरपाई करता येते. ही त्यांतली नाही.

शुभदा आता साखळी गावातल्या एका छोट्या रक्ततपासणी केंद्रात काम करते. लग्न होऊन ती इकडेच आली. घरोघरी जाऊन नमुने घेते, आणि दर तीन महिन्यांनी माझी साखर पाहायला आमच्याकडेही येते. पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटले, ही काहीतरी बोलणार. तिने फक्त “सर, मूठ वळा,” म्हटले. गेली चार वर्षे ती तेवढेच म्हणते, आणि मी मूठ वळतो.

गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा गौरविका टेबलावर होती. सुमनने मोठ्या कौतुकाने तिच्या हातात दिली. “बघ गो, तुज्या सरांचा किती लिवलानी. तू पण तेंच्याच हाताखाली होतंस मां?” शुभदा उभ्याउभ्या पाने चाळू लागली. मी सोफ्यावर बसून एकेचाळिसावे पान येण्याची वाट पाहत होतो. ते आले. तिने ते पूर्ण वाचले. मग गौरविका मिटून होती तशी सरळ ठेवली.

“बरोबर लिहिलंय, सर,” ती म्हणाली. “माझ्याच हातून झालं असणार तेव्हा. मी पुष्कळ विचार केला त्याच्यावर. हात घाईचाच असेल.” तिने माझा दंड बांधला. “तेव्हापासून मी घाई नाही करत. आमच्या केंद्रात सगळे हसतात माका, एका नळीक इतको वेळ.”

सुई गेलेली मला कळली नाही. मग तिने माझ्या रक्ताची नळी धरली आणि उलटी-सुलटी करू लागली. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. पूर्वीही ती दहा मोजत असे, पण मनात. आता पुटपुटते, कारण सात वर्षांपूर्वी मी खोलीभर माणसांसमोर अर्धे वाक्य बोललो आणि तेव्हापासून तिचा आपल्या हातांवर विश्वास नाही. दहापर्यंत पोहोचल्यावर ती एक क्षण थांबली आणि पुन्हा एकदा नळी उलटी केली. अकरावी. खात्रीसाठी.

“चाय घेऊन जा गो,” सुमन आतून म्हणाली.

“नको काकी, अजून चार घरां आसत.” स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी दंड दुमडून कापूस दाबून बसलो होतो. नेमके काय बोलायचे ते मला ठाऊक होते. सात वर्षे ठाऊक आहे. ज्याने उभ्या आयुष्यात कुणाला चुकीचे वर्षसुद्धा बोलू दिले नाही, त्याच मी त्या एका मुलीला माझ्या घरात, माझ्या समोर, धडधडीत खोटे बोलू दिले आणि ऐकून घेतले.

म्हणून हे छापून येऊ देतो आहे. मिलिंदचे खोटे छापील आहे, तर उत्तरही छापील हवे. वही, आणि तिच्यात घातलेला तो कागद, मी आज पाकिटात घालून साखळीला पाठवला आहे. तोंडाने सांगण्याचे धैर्य अजूनही झाले नाही, हेही इथेच नोंदवतो. मिलिंदची तीन वाक्ये खोडून झाली, सुमनचे ऊन खोडून झाले. उरली शुभदेची हकिगत, आणि तिच्याशीच माझा खरा वाद आहे. त्या पेशी कोणत्या होत्या, सावित्रीबाईंचे हात त्यांनीच राखले की आणखी कशाने, बर्फाने काय बिघडले आणि काय नाही, यावर जाणकारांनी खुशाल भांडावे, मीही भांडेन. एका गोष्टीवर भांडण होऊ शकत नाही. त्या पेशी दुसऱ्या नळीतही होत्या, आणि दुसऱ्या नळीला शुभदेचा हात लागलेला नव्हता.